सब-रजिस्ट्रार ऑफिसमागचं टायपिंगचं दुकान: काम चोख, पण झेरॉक्स सांभाळून द्या

दुकानाचं नाव लिहीत नाहीये आणि गावही सांगणार नाही. उत्तर गोव्यातलं एक तालुक्याचं ठिकाण, तिथलं सब-रजिस्ट्रार ऑफिस आणि त्याच्या मागची गल्ली, एवढं पुरे. दुकान चालवणाऱ्या काकांनीच बजावलंय की बाये जाहिरात करू नको, आधीच बाकावर टेकायला जागा नसते. शिवाय खाली मी एक तक्रार पण लिहिणार आहे आणि ती नावानिशी टाकून म्हाताऱ्या माणसाला नेटवर बदनाम करायची माझी इच्छा नाही. शोधणाऱ्याला सापडेलच, बाहेर लाकडी बाक, वर निळी ताडपत्री, आत दोन प्रिंटर आणि त्यातल्या एकाचं झाकण कायम उघडं.

बोर्डावर टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन एवढंच आहे. प्रत्यक्षात तिथे अफिडेव्हिट टाइप होतात, भाडेकरार होतात, म्युटेशनचे, म्हणजे फेरफाराचे, अर्ज भरले जातात, वारसाच्या दस्ताला लागणाऱ्या कागदांची यादी मिळते, वकिलाने पाठवलेला सेल डीडचा (खरेदीखताचा) मसुदा नीट समास सोडून छापून मिळतो आणि साक्षीदार कमी पडला तर काका ओरडून शेजारच्या चहावाल्याला विचारतात की अमका आलाय का रे. चहा वाईट आहे, सांगून ठेवते.

आमचं काम काय होतं तर बाबा गेले, घर आणि मागचं माडांचं भाट, म्हणजे बाग, त्यांच्या नावावर. दादा पुण्याला असतो, ताई सावंतवाडीला दिलेली, मी आणि आई इथेच. आमच्या वाड्यावर सगळ्यांचा ठाम समज असा की डेथ सर्टिफिकेट जोडून एक अर्ज टाकला की उताऱ्यावर बाबांच्या जागी आईचं नाव चढतं आणि संपलं. हा समज बहुतेक महाराष्ट्रातल्या पाहुण्यांकडून येतो नाहीतर सिरियलमधून, कारण गोव्यात हे असं चालत नाही.

काकांनी कागद हातात घ्यायच्या आधी विचारलं, आईबाबांचं लग्न कुठे रजिस्टर झालं? म्हटलं इथेच. मग म्हणे, लग्नाआधी काही करार बिरार केलेला? आई हसायलाच लागली, तेव्हा कोण करार करतंय. काका म्हणाले, "मग वयनी, अर्धं घर तुमचंच आसा, नवरो आसतनाच आशिल्लें." म्हणजे नवरा असतानाच होतं. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तर विषय असा आहे. १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड इथे १८७० पासून लागू झाला आणि १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या कायद्याने इथले जुने कायदे चालू ठेवले गेले, त्यात हाही राहिला. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र धरतात, माहेरहून सासरहून वारशाने आलेली सुद्धा, आणि दोघांचा अर्धा अर्धा वाटा. म्हणजे बाबा गेल्यावर वारशात गेला तो त्यांचा अर्धाच, तो आम्हा तीन मुलांत सारखा, म्हणजे प्रत्येकी एकूण घराचा सहावा हिस्सा, आणि आईचा अर्धा आईकडेच. मुलगा मुलगी भेद नाही. बाकी देशात हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्माने बरोबरीचा हक्क द्यायला २००५ ची दुरुस्ती यावी लागली, इथे मुलीचा वाटा आधीपासून सारखा आहे. पण कायद्यात आहे म्हणून घरात आहे असं नसतं ना. आमच्याकडेच एका मामांनी सुचवलं की ताईला सासरी काही कमी नाही, तिच्याकडून हक्कसोड लिहून घ्या म्हणजे पुढची कटकट वाचेल.

मला या दुकानाबद्दल आदर वाटायला लागला तो इथे. मामा हक्कसोडीचं टाइप करायला सांगत होते आणि काकांनी कीबोर्डवरचा हात काढून घेतला आणि मला म्हणाले, फोन लाव तिला, स्पीकरवर घाल. ताईला त्यांनी कुठलीही लाडीगोडी न लावता सरळ सांगितलं की तुझा सहावा हिस्सा आहे, सोडायचा की ठेवायचा हा तुझा प्रश्न आहे, सोडायचा असेल तर तुझ्या नवऱ्याची पण सही लागेल आणि एकट्या भावालाच द्यायचा असेल तर तो वेगळा दस्त होतो, त्यासाठी वकिलाशी बोल. ताई दोन मिनिटं गप्प होती. मग म्हणाली राहू दे माझं नाव. मामा चहा प्यायला गेले.

अर्ध्या तासाचं टायपिंगचं गिऱ्हाईक होतं ते, काकांनी स्वतःहून घालवलं. असा दुकानदार मला दुसरीकडे दिसलेला नाही, आणि ऑफिसच्या दारात जे एजंट उभे असतात, मॅडम लवकर करून देतो म्हणणारे, त्यांच्याकडून तर अशी अपेक्षाच नको.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसाला स्वतःची हद्द कळते. दादाचं लग्न पुण्याला झालं, तिकडेच रजिस्टर, मग त्याच्या हिश्श्यात वहिनीचा अर्धा धरायचा की नाही, तिची सही लागते का, हे विचारल्यावर थेट म्हणाले, "हांव वकील न्हय बाये, तें वकिलाक विचार." आणि खरंच ते प्रकरण सोपं नाहीये. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका निकालात सांगितलं की गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेच्या वारशालाही हाच कोड लागू होतो, म्हणजे दादाचा पुण्याचा फ्लॅटसुद्धा उद्या या चर्चेत येऊ शकतो. आम्ही वकिलाकडे गेलो, त्यांनी फी घेतली आणि लेखी मत दिलं, ते योग्यच झालं. टायपिंगवाल्याने तीनशे रुपयात असं मत देऊन टाकलं असतं तर मी हा रिव्ह्यू एक स्टारचा लिहिला असता.

आता उताऱ्याचं. गोव्यात वन फोर्टीन म्हणतात, नमुना १ व १४, सरकारच्या साईटवर सर्व्हे नंबर आणि सब-डिव्हिजन टाकला की घरबसल्या बघता येतो. मी प्रिंट काढून नेलेली आणि माझं लक्ष फक्त कब्जेदाराच्या रकान्यात बाबांचं नाव बरोबर आहे का एवढ्यावर. काकांनी ड्रॉवरमधून मुलांची असते तसली प्लास्टिकची पट्टी काढली, कडेचे आकडे पुसलेले, ती कागदावर आडवी ठेवून एकेक ओळ खाली सरकवत वाचायला लागले, कब्जेदार, मग कूळ, तिथे काही नाही, मग इतर हक्क. तिथे पट्टी थांबली. "हें पळयलां?" म्हणजे हे पाहिलंत का. आमच्या शेजारच्या आजोबांचं नाव, घर म्हणून नोंद. ते घर आमच्या भाटात आहे हे आम्हाला माहीतच आहे, लहानपणी तिथेच जेवायचो, पण कागदावर ते असं बसलेलं असतं हे कधी डोक्यात नव्हतं.

अशी नोंद असली की ते मुंडकार असू शकतात, आणि मुंडकार म्हणजे काय हे गोव्याबाहेरच्यांना सांगायला हवं. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणारा. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला घरातून सहजासहजी काढता येत नाही आणि घराखालची नि भोवतालची जमीन विकत घ्यायचा हक्क त्याला आहे, पंचायत भागात ३०० चौरस मीटरपर्यंत आणि नगरपालिका भागात २०० पर्यंत. शेजारचे मुंडकार आहेत की नाहीत हे मामलेदार ठरवणार, उताऱ्यावर नाव आहे म्हणून आपोआप ठरत नाही. पण उद्या भाट विकायला काढलं आणि घेणाऱ्याच्या वकिलाने ही ओळ वाचली की व्यवहार तिथेच अडणार. काकांचं म्हणणं, आधी त्यांच्याशी बोला, त्यांचं त्यांना मिळू दे, मग तुमचं मोकळं होतं. आईला हे लगेच पटलं, मामांना अजून पटलेलं नाही.

आणि उतारा म्हणजे मालकीचा पुरावा असं समजून चालू नका, हे पण तिथेच कळलं. लँड रेव्हेन्यू कोडप्रमाणे ती नोंद खरी धरून चालतात, चूक सिद्ध होईपर्यंत, बस. खरी मालकी बघायची तर मागचे दस्त, पोर्तुगीज काळातल्या नोंदणीच्या पुस्तकातला डिस्क्रिप्शन नंबर, मात्रिजची (जुन्या करवहीतली) नोंद असलं सगळं उकरावं लागतं. २०२२ मध्ये जमिनी हडपण्याच्या प्रकरणांसाठी सरकारला एसआयटी (विशेष तपास पथक) बसवावी लागली आणि निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग पण नेमावा लागला ते आठवत असेल, खोटे जुने दस्त तयार करून परदेशी गेलेल्यांची, वारस न फिरकलेली घरं जमिनी विकून टाकलेल्या. तेव्हा पोर्तुगालला, लंडनला, दुबईला असाल तर निदान वर्षातून एकदा आपला सर्व्हे नंबर टाकून बघत जा, काही पैसे लागत नाहीत.

बाकावर बसून जे ऐकायला मिळतं त्याची फी लावली तरी मी देईन. एक गृहस्थ आले, सगळं धाकट्याच्या नावावर मृत्युपत्र करायचंय, मोठा बघत नाही. काका म्हणाले, मुलं असताना तुमच्या वाट्यातलं अर्धंच तुमच्या मनासारखं देता येतं, बाकीचं अर्धं मुलांचं राखीव, मोठा कितीही नालायक असला तरी. बरं मग धाकट्याला विकून टाकतो म्हणे. तेही नाही, बाकीच्या मुलांची संमती लागते. गृहस्थ सरकारला शिव्या देत निघून गेले, म्हणजे कुठल्या सरकारला कोण जाणे, पोर्तुगालचा राजा केव्हाच मेलाय.

मग एक जोडपं होतं, सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही करून आलेलं, पेढे वाटत होतं. पेढा घेऊन काकांनी सांगितलं की हे लग्न नव्हे, ही फक्त इच्छा नोंदवलीत, मुदत गेल्यावर साक्षीदार घेऊन दुसरी सही करायची तेव्हा लग्न, आणि मालमत्तेचा वेगळा करार पाहिजे असेल तर तो आत्ता, लग्न झाल्यावर बदलता येत नाही. मुलगी लगेच फोनवर काहीतरी शोधायला लागली, मुलगा पेढ्यांचा बॉक्स बंद करत बसला.

टीव्हीवर समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की गोव्याचं नाव पहिलं येतं. उत्तराखंडने जानेवारी २०२५ पासून स्वतःचा लागू केला तेव्हा तर किती दिवस तेच ऐकलं, गोव्यात बघा कसं छान चाललंय. छान चाललंय का याचं उत्तर स्टुडिओत मिळणार नाही, या बाकावर मिळेल. शिवाय अगदी समान आहे असंही नाही, चर्चमधल्या लग्नासाठी वेगळ्या तरतुदी आहेत आणि हिंदूंच्या रूढींसाठी १८८० चा वेगळा फर्मानवजा कायदा आहेच. पण माझा मुद्दा तो नाही. माझा मुद्दा असा की इतका चांगला कायदा, बायकोला अर्धं, मुलीला सारखं, आणि माझ्या आईला तो विधवा झाल्यावर टायपिंगच्या दुकानात कळतो. ती लग्नाची सही करायला गेली तेव्हा एकाही माणसाने तिला सांगितलं नाही की तू कशावर सही करतेयस. आजही त्या जोडप्याला काउंटरवर कोणी सांगितलं नव्हतं. एक पानभर मराठी कोंकणीत छापून हातात ठेवायला काय जातं? १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी आहे, मराठीचाही वापर आहे, पण दस्त बघावा तर सगळा इंग्लिशमध्ये, आईने सगळ्या पानांवर सही केली आणि एक ओळ वाचली नाही, काकांनीच तिला मराठीत वाचून दाखवलं, मोठ्याने, मधे दोन गिऱ्हाइकं थांबवून.

वारसाचा दस्त, म्हणजे डीड ऑफ सक्सेशन, हा काकांच्या हातातला विषय नाही. तो सब-रजिस्ट्रारकडे स्पेशल नोटरीसमोर होतो, २०१२ चा जो वारसा आणि इन्व्हेंटरीचा (मालमत्तेची यादी करून वाटपाचा) कायदा आहे (लागू झाला २०१६ च्या डिसेंबरात) त्याप्रमाणे. पेपरात जाहिरात येते, गोव्यातल्या कुठल्याही पेपरचं आतलं पान उघडा, रोज असतात. काकांनी फक्त फाईल लावून दिली पण ती अशी लावली की आत गेल्यावर एक कागद मागे आला नाही. आमच्या पुढच्या माणसाला जन्मदाखल्यासाठी परत पाठवलं, त्याने फाईल स्वतः लावलेली.

नावांची गंमत वेगळीच. बाबांच्या जन्मनोंदीत आजोबांचं नाव शंकर, पण पोर्तुगीज पद्धतीने, एक्सने सुरू होणारं, उताऱ्यात एस, आधारवर आणखी वेगळं आणि आडनाव तर तिन्ही ठिकाणी तीन. त्यासाठी वन अँड द सेम पर्सन म्हणून अफिडेव्हिट लागतं. काकांकडे त्याचे मसुदे तयार असतात, कुठल्या जुन्या स्पेलिंगचं आज काय होतं हे त्यांना पाठ आहे, कॉम्प्युटरवर नाही, एका पुठ्ठ्याच्या वहीत.

पैशाचं म्हणाल तर व्यवहार स्वच्छ. टायपिंगचे वेगळे, झेरॉक्सचे वेगळे, नोटरीचे नोटरीला, सरकारी फी आणि स्टँपचे पैसे तुम्ही स्वतः भरायचे आणि पावती स्वतःकडे ठेवायची, ते हातात घेत नाहीत. आतल्या माणसासाठी म्हणून काही मागितलं नाही, मी वाट बघत होते. यूपीआय चालतं, पण फोन पुतण्याकडे असतो आणि पुतण्या जेवायला गेला की रोख.

आता तक्रार, आणि ही छोटी नाहीये. आमच्या अर्जाचा कच्चा प्रिंट त्यांनी मला वाचायला दिला, मी पान उलटलं तर मागे कुठल्यातरी बाईच्या पॅन कार्डाची झेरॉक्स, फोटो, नंबर, सही, सगळं स्पष्ट. खराब झालेल्या झेरॉक्सची चळत प्रिंटरच्या शेजारी पडलेली असते, कागद वाचवायला तिच्यातलेच कागद कच्च्या प्रिंटला वापरतात. म्हणजे माझ्या आईचं आधार आत्ता कोणाच्या भाडेकराराच्या मागे छापलं गेलंय मला माहीत नाही. ज्या राज्यात खोट्या कागदांवर घरं विकली गेली तिथे हे दुकान, जे बाकी सगळ्यात इतकं काटेकोर, इथे असं कसं वागतं? मी बोलले. काका म्हणाले, बाये चाळीस वर्षं असंच करतोय. म्हटलं चाळीस वर्षांपूर्वी आधार नव्हतं. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये आलाय, पण अशा गल्लीतल्या दुकानापर्यंत तो कधी पोचेल देवच जाणे, तोवर आपणच बघायचं. आधार देताना पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार चालतं का ते आधी विचारा, ते अधिकृत साईटवरून डाउनलोड होतं. प्रत्येक झेरॉक्सवर आडवं पेनाने कशासाठी दिली आणि तारीख लिहा, आणि बिघडलेली कॉपी मागून घ्या, लाजू नका. मी मागितली तेव्हा पुतण्याने तोंड वाकडं केलं, दिली मात्र.

बाकी उणी बाजू म्हणजे उन्हाळ्यात त्या ताडपत्रीखाली बसवत नाही, बायकांसाठी आसपास बाथरूम नाही, आणि काका मधेच फोन घेतात आणि मग कुठवर आलो होतो ते तुम्हालाच सांगावं लागतं. प्रिंट झालेलं प्रत्येक पान स्वतः वाचा, सर्व्हे नंबरचे आकडे बोट ठेवून वाचा.

वकिलाची फी परवडत नसेल तर काका स्वतःच जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे पाठवतात, भिंतीवर १५१०० हा हेल्पलाइन नंबर मार्करने लिहून ठेवलाय. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो, १९८७ चा कायदा आहे, हे आमच्या वाड्यावर कोणालाच ठाऊक नव्हतं.

जायचं असेल तर सकाळी लवकर जा, ऑफिस उघडायच्या आधी दुकान उघडतं. चवथीनंतरच्या आठवड्यात मात्र टाळा, पुण्यामुंबईचे सगळे भाऊबहीण घरी आलेले असतात आणि सगळ्यांना त्याच चार दिवसांत सह्या उरकायच्या असतात. सोबत आईवडिलांचा विवाहदाखला न्या, मृत्यूदाखला न्या, सगळ्या भावंडांचे जन्मदाखले आणि लग्न झालेल्यांचे विवाहदाखले, आणि वन फोर्टीनची ताजी प्रिंट. आमचा वारसाचा दस्त झालाय, म्युटेशन मामलेदाराकडे पडलंय, नोटिसा निघाल्यात. शेजारच्यांशी आई स्वतः जाऊन बोलून आली, त्यांचा मुलगा आता मुंडकाराचा अर्ज करतोय आणि तो टाइप करायला आईनेच त्याला याच दुकानात पाठवलाय. चार स्टार.